टोपी काढायची की ठेवायची?

पहिल्या दिवाळसणाला सासुरवाडीला गेलो, तेव्हा माझ्या डोक्यावर आयुष्यात पहिल्यांदा पांढरी टोपी चढली. सांगली जिल्ह्यातलं गाव, ओसरीवर सतरंजी, समोर बायकोचे थोरले मामा. त्यांनी कुंकू लावलं, टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. मी वाकून नमस्कार केला आणि आत जेवायला जाताना टोपी काढून खिशात घातली. घरात शिरताना टोपी काढावी, हे मी शाळेत इंग्रजीच्या बाईंकडून शिकलो होतो आणि ते साऱ्या जगाला लागू असतं, अशी माझी समजूत होती.

पंगतीत मेहुणा शेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "दाजी, टोपी असू द्या की डोक्यावर. मामांनी घातलीया." मामा स्वतः काहीच बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

त्याला बारा वर्षं झाली. मधल्या काळात लग्नं, वास्तुशांती, यात्रा, तेरावे, सत्कार असं सगळं पाहून झालं आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी डोक्यावर काय ठेवायचं, याचा एकदा तरी घोळ घातला. शहरात वाढलेले जावई, परदेशातून चार आठवड्यांसाठी येणारे मित्र, पहिल्यांदा गावाकडच्या लग्नाला निघालेले ऑफिसातले सहकारी मला हेच प्रश्न विचारतात. म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. मी पश्चिम महाराष्ट्रातलं सांगतोय. खानदेशात, विदर्भात, कोकणात तपशील बदलतील. तिथे गेल्यावर आधी तिथल्या म्हाताऱ्यांकडे बघा.

१. आधी टोपी कुठली ते ओळखा

निम्मा गोंधळ इथेच मिटतो. आपल्याकडे डोक्यावर दोन जातीच्या वस्तू असतात. एक उन्हाची, दुसरी मानाची.

उन्हापावसाची आणि थंडीची म्हणजे कॅप, हॅट, कानटोपी, माकडटोपी, शेतात गुंडाळलेलं मुंडासं, डोक्याला बांधलेला टॉवेल. ही कामाची वस्तू. काम संपलं, सावलीत आलो, की ती उतरते. गॉगल लावून, कॅप घालून कुणाच्या ओसरीवर बसलात तर ते उर्मटपणाचं दिसतं, इथे इंग्रजीच्या बाईंचं बरोबर होतं.

मानाची म्हणजे टोपी, फेटा, पटका, पागोटं, पगडी. ही घरात शिरताना काढत नाहीत. मोठ्यांना नमस्कार करताना काढत नाहीत. पाहुण्यांपुढे तर मुद्दाम घालतात. गावातले आजोबा घरात गंजिफ्रॉकवर बसलेले असतात, दारात कुणी आलं की आधी खुंटीवरची टोपी डोक्यावर जाते आणि मग सदऱ्याचा शोध सुरू होतो. जुन्या लोकांच्या हिशेबी बोडक्या डोक्याने बाहेर पडणं म्हणजे घरात काहीतरी अशुभ घडल्याची खूण.

पांढऱ्या टोपीला गावात गांधी टोपी असं फारसं कुणी म्हणत नाही, नुसतं टोपी म्हणतात. गांधीजींनी स्वतः ती जेमतेम काही वर्षं घातली. १९२१ मध्ये त्यांनी पंचा नेसायचं ठरवलं आणि टोपीही सुटली. आपल्याकडे मात्र ती शंभर वर्षं टिकली. शेतकऱ्याची तीच, वारकऱ्याची तीच, मुंबईच्या डबेवाल्याचीही तीच, आणि डबेवाल्याला तर कामावर असताना ती सक्तीचीच. काळी टोपी जुन्या पुणेरी-कोकणी घरांत मुंजीत, पूजेत दिसते. संघाच्या गणवेशातही काळीच. निळी टोपी आंबेडकरी चळवळीची.

सापळा: निवडणुकीच्या दिवसांत कुणीही हसत हसत तुमच्या डोक्यावर टोपी ठेवतं. आधी रंग आणि छापलेली अक्षरं वाचा. फोटो तोवर निघालेला असतो.

२. पिशवीत काय असावं

लग्नाला किंवा कार्याला दोन दिवसांसाठी जाणार असाल तर:

– पांढऱ्या टोप्या दोन, धुऊन इस्त्री केलेल्या. एक नक्की हरवते किंवा मुलं तिची नाव करतात.
– मोठा सुती रुमाल. गुरुद्वारा, दर्गा, अचानक निघालेली आरती, सगळीकडे चालतो.
– उपरणं, पूजेला बसायचं असेल तर.
– चार-पाच सेफ्टी पिना, फेट्यासाठी.
– उन्हाची कॅप वेगळी. ती आणि टोपी एकमेकींची कामं करत नाहीत.

३. टोपी विकत घेणं आणि घालणं

टोपीचा नंबर म्हणजे डोक्याचा घेर, इंचांत. कपाळाच्या मध्यावरून, कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून टेप फिरवा. बहुतेकांचा बावीसच्या आसपास येतो. बाजारातला जुना टोपीवाला तुमच्याकडे नुसतं बघून आकडा सांगतो आणि तो चुकत नाही. कापड खादीचं किंवा जाड सुती घ्या. पॉलिस्टरमिश्रित टोपी इस्त्रीला चांगली दिसते, पण उन्हात डोक्यावर झाकण ठेवल्यासारखं होतं.

घालताना टोकं पुढे आणि मागे, कानांच्या दिशेला नाहीत. हे सांगावं लागतं, कारण मी पहिल्यांदा आडवी घातली होती. पुढचं टोक नाकाच्या रेषेत, कड भुवयांच्या वर दोन-तीन बोटं. तिरकी टोपी म्हणजे पैलवानी ऐट किंवा तमाशातला सोंगाड्या. पैलवान असाल तर खुशाल घाला.

टोपीच्या घडीत एसटीचं तिकीट, दहाची नोट, डॉक्टरची चिठ्ठी ठेवणारे आजोबा दिसतील. सवय उपयोगी आहे, पण धुवायला टाकण्यापूर्वी घडी उलगडून बघा.

आणि एक लक्षात असू द्या. दुसऱ्याच्या डोक्यावरची टोपी गंमत म्हणूनही ओढू नका. जमिनीवर ठेवू नका, ओलांडू नका. एकेकाळी नवऱ्या मुलीचा बाप व्याह्यांच्या पायावर पागोटं ठेवायचा, तेव्हा त्याच्याजवळ देण्यासारखं दुसरं काही उरलेलं नसायचं. ती आठवण अजून पुसलेली नाही. टोपी खुंटीवर, कपाटावर किंवा उशाला ठेवा.

४. टॉवेल-टोपीचा आहेर घेताना

शहरातल्या माणसाची सगळ्यात जास्त फजिती इथे होते. जावई, व्याही, मामा, सरपंच, बदली झालेले गुरुजी, सगळ्यांचा सत्कार टॉवेल-टोपीने होतो. क्रम साधारण असा:

पहिलं, नाव पुकारतात. लगेच उठू नका. शेजारच्याला "अहो, मला कशाला" म्हणायची एक संधी घ्या, तेवढं चालतं. दोनदा मात्र म्हणू नका, कारण लोक ते खरं धरतात आणि मग खरंच अपमान होतो.

दुसरं, पूर्वेकडे तोंड करून उभे राहा किंवा पाटावर बसा. दिशा कुणीतरी सांगेलच, यावर आपल्याकडे प्रत्येकाचं मत असतं.

तिसरं, कुंकू. डोकं उघडं असेल तर कुंकू लावून घेताना स्वतःचा उजवा हात डोक्यावर ठेवा. बोडक्या डोक्याला कुंकू लावून घेत नाहीत, म्हणून हाताचंच छप्पर करायचं. हे एवढं केलंत की समोरच्या बायका तुम्हाला अर्धे आपल्यातले धरतात.

चौथं, टोपी. ती देणारा घालतो. तुम्ही मान थोडी झुकवायची, टोपी हातात मागून घ्यायची नाही. आधीच टोपी घातलेली असेल तर नवी तिच्यावरच चढते. मानाच्या माणसाच्या डोक्यावर तीन-तीन टोप्यांचा मनोरा मी पाहिला आहे आणि तो गंभीर चेहऱ्याने बसलेला असतो. हसायचं नाही. कार्यक्रम संपल्यावर वरच्या टोप्या काढून टॉवेलच्या घडीत ठेवायच्या, स्वतःची डोक्यावर राहू द्यायची.

पाचवं, टॉवेल खांद्यावर, नारळ हातात. मग देणाऱ्याला नमस्कार, तो वयाने मोठा असेल तर वाकून. टोपी न काढता.

आता ही आहेराची टोपी. ती बहुतेक वेळा लहान असते. अस्तर नाही, खळ भरपूर, डोक्यावर होडीसारखी तरंगते. वाऱ्याने उडेल म्हणून काढून ठेवावी, असा मोह होतो. निदान पंगत उठेपर्यंत राहू द्या. मी जी चूक केली ती नेमकी हीच. पंगतीत टोपी घालून जेवायचं का, याबद्दल दोन मतं आहेत. काही घरांत जुन्या सोवळ्याच्या सवयीने उघड्या डोक्याने जेवतात, आमच्या सासुरवाडीला टोपीसकट. वाढपी आमटी घेऊन येईपर्यंत वेळ असतो, तेवढ्यात पंगतीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे बघा आणि तो करेल तसं करा.

नंतर त्या टोप्यांचं काय? घरी नेऊन नीट ठेवा. पुढच्या कार्यात तुम्हाला कुणाला तरी टॉवेल-टोपी द्यायचीच असते. आहेर असा फिरत राहतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ज्याने दिली त्यालाच परत जाणार नाही, एवढं बघा. आमच्याकडे टॉवेलच्या कोपऱ्यात पेन्सिलीने आद्याक्षर लिहून ठेवतात.

५. फेटा बांधून घेणं

हल्लीच्या लग्नात वऱ्हाडाला फेटे असतातच. दारात फेटेवाला खुर्ची टाकून बसलेला, बाजूला कापडांचा ढीग, समोर रांग. सराईत हाताला एका फेट्याला दोन-तीन मिनिटं पुरतात. तरी शंभर डोकी म्हटली की वेळ जातोच. मुहूर्ताच्या तासभर आधी पोहोचा.

रांगेला उभं राहण्यापूर्वी कपडे बदला. हे मी जाड अक्षरांत लिहिलं असतं. फेटा बांधून झाल्यावर डोक्यातून झब्बा घालता येत नाही. एका मित्राने प्रयत्न केला होता, फेटाही गेला आणि झब्ब्याचं गळ्याचं बटणही. चष्मा असेल तर बांधताना घालूनच बसा, म्हणजे काड्यांना जागा राहील. स्वच्छतागृहात आधी जाऊन या.

कापड सहा ते आठ मीटरांच्या घरात असतं. डोक्यावर पंख्यासारखा उभा राहतो तो तुरा, मागे पाठीवर सुटतो तो शेमला. बांधताना मान ताठ ठेवा आणि फेटेवाल्याने "घट्ट होतंय का?" विचारलं तर खरं सांगा. कपाळावर दोन बोटं जेमतेम शिरतील इतकं ठीक. त्याहून घट्ट असेल तर मंगलाष्टकांपर्यंत डोकं ठणकायला लागतं आणि सगळे समजतात तुम्ही भावुक झालात. सैल असेल तर वरातीत नाचताना सुटतो. पिना इथे लागतात, आतल्या बाजूने, तुऱ्याच्या बुडाशी.

मानाचा क्रम लक्षात ठेवा. आधी नवरदेव, मग दोन्हीकडचे मामा, वडीलधारे, मग बाकीचे. मामांच्या आधी जाऊन खुर्चीत बसू नका. कधीकधी मोजकेच मानाचे फेटे गर्दीतल्यांपेक्षा वेगळ्या रंगाचे असतात. तो रंग आवडला म्हणून मागून घेऊ नका. त्या रंगावरून गावात वर्षानुवर्षं अबोला धरलेली घरं मला माहीत आहेत.

फेटा चढल्यावर काही बारीक गोष्टी. गाडीत बसताना तुरा छताला लागतो, आधी डोकं वाकवून आत घाला आणि मग बाकीचे तुम्ही. पंगतीत बसताना शेमला पुढे खांद्यावर घ्या, नाहीतर मागच्या रांगेतल्या माणसाच्या बासुंदीत पडतो. मंगलाष्टकं, आरती, फोटो, जेवण, सगळ्याला फेटा राहतो. उतरवायचा तो जेवणानंतर, पाहुणे पांगायला लागल्यावर, आणि तोही सोडून घडी घालून. भाड्याचे असतील तर मोजून परत द्यावे लागतात, म्हणून तसाच डोक्यावर घेऊन गावाला निघू नका.

पगडीचं थोडं वेगळं आहे. फेटा दर वेळी नव्याने बांधतात, पगडी आधीच घडवून तयार असते. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती आता रोज घालणारा कुणी उरला नाही, सत्कारात आणि स्नेहसंमेलनात दिसते. तुम्ही पाहुणे असाल तर मान झुकवा, घालून घ्या, निदान स्वतःचं भाषण संपेपर्यंत ठेवा. तुम्ही आयोजक असाल तर पाहुण्याला कुठली पगडी चालेल, हे आधी विचारून घ्या. पुणेरी पगडी आणि महात्मा फुल्यांच्या धाटणीची पगडी यांचे अर्थ वेगवेगळे होतात. २०१८ मध्ये पुण्यात यावरून भर सभेनंतर बरंच राजकारण रंगलं होतं.

६. देवापुढे

घरच्या पूजेत, सत्यनारायणाला, आरतीला डोकं झाकलेलं असावं. टोपी नसेल तर गुरुजी स्वतःच "रुमाल तरी घ्या" म्हणतात. कीर्तनात वारकरी मंडळींत बसणार असाल तर पांढरी टोपी घालाच. तिथे सगळे एकमेकांच्या पाया पडतात आणि कोण लहान, कोण मोठा, हे टोपीखाली कळत नाही. पंढरपुरात पायांवर डोकं टेकायची वेळ आली की टोपी काढून घट्ट हातात धरा. मागून रेटा असतो, पडलेली टोपी उचलायला कुणी थांबू देत नाही.

मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात किंवा मुंबईत हाजी अलीला डोकं झाकून जा, टोपी किंवा रुमाल. नांदेडला हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात कॅप काढा आणि रुमाल बांधा. अलिबागच्या सिनेगॉगमध्येही पुरुषांचं डोकं झाकलेलं लागतं.

चर्चमध्ये नेमकं उलटं. वसई असो की गोवा, पुरुषांनी आत शिरताना डोकं उघडं करायचं. बुद्धविहारातही टोपी, कॅप काढून आत जा. एकाच सहलीत जुन्या गोव्याचं चर्च आणि मंगेशीचं देऊळ असेल, तर हॅट सरळ बसमध्येच ठेवा.

७. झेंडावंदन, कचेरी, दुचाकी

ध्वजारोहणाला टोपी काढायची गरज नाही. २००२ च्या ध्वजसंहितेत एवढंच आहे, की उपस्थितांनी ध्वजाकडे तोंड करून सावधान उभं राहावं आणि गणवेशातल्यांनी योग्य ती सलामी द्यावी. अमेरिकेतल्या मित्रांनी मात्र तिकडे उलटं धरावं. तिथे गणवेशात नसलेल्या पुरुषाने राष्ट्रगीताला टोपी उजव्या हाताने काढून डाव्या खांद्याशी धरायची असते. दोन्हीकडच्या सवयी मिसळून एकजण आमच्या ग्रामपंचायतीपुढे टोपी छातीशी धरून उभा राहिला. लोकांना वाटलं कुणीतरी गेलं.

पासपोर्टच्या फोटोला टोपी चालत नाही, धार्मिक कारणाने घालत असाल तरच सूट आहे. कोर्टात शिरताना कॅप काढा.

दुचाकीवर फेटा घालून मिरवणूक काढण्याची हौस पाडव्याला सगळ्यांनाच येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मधली हेल्मेटची सूट पगडी घातलेल्या शीख चालकासाठी आहे, आपल्या फेट्यासाठी नाही. टोपीचं बरं असतं, घडी करून खिशात जाते. हेल्मेट घालून जा, दारात टोपी चढवा.

८. दुःखाच्या घरी

इथे कमी बोलायचं आणि कमी मिरवायचं. नवी कोरी, कडक इस्त्रीची टोपी नको, रोजची चालेल. फेटा तर नकोच. मुलांची डोकी उघडी असतात, कारण क्षौर झालेलं असतं. त्याकडे बघत राहू नका. तेराव्याला आमच्याकडे नातेवाईक टॉवेल-टोपी देतात आणि घरच्या थोरल्या मुलाच्या डोक्यावर टोपी चढते, म्हणजे घराचा कारभार आता त्याचा. तुमच्या हातात टॉवेल-टोपी दिली गेली तर नाही म्हणू नका, आभारही मानू नका. घ्यायची, हात जोडायचे, बसायचं.

माझे ते मामा चार वर्षांपूर्वी गेले. तेराव्याला मेहुण्यांनी माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, तेव्हा काढायचा विचार मनात आला नाही.

९. धुणं आणि डाग

पांढरी टोपी साबणात भिजवून हाताने चोळा, मशीनमध्ये टाकलीत तर कडा मुडपतात. शेवटच्या पाण्यात थोडी नीळ, जास्त झाली तर टोपी निळसर होते आणि मग ती कुठल्या पक्षाची, यावर चर्चा होते. तांदळाच्या पेजेची किंवा विकतची खळ द्या, अर्धवट ओली असतानाच इस्त्री करा आणि घडी मूळ खुणेवरच पाडा.

जोतिबाच्या गुलालाची टोपी आधी कोरडीच झटका. पाणी लागलं की गुलाल कापडात भिनतो. जेजुरीचा भंडारा म्हणजे हळद, तिला साबण लावलात की डाग लालभडक होतो. घाबरू नका, टोपी जळालेली नाही. साबण पाण्याने पूर्ण काढून टाका आणि टोपी दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळत घाला. हळद उन्हाने उडते. माझी अजून थोडी पिवळी आहे. सासूबाई म्हणतात, राहू दे, देवाची आहे.